अंतराळातले चित्र बीडला कसे पोचले?

२३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चा ‘विक्रम’ हा अवतरक चंद्रावर, सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर उतरला. इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर एका वेळी ऐंशी लाखांहून अधिक ठिकाणी हे प्रक्षेपण पाहिले जात होते. देशातल्या इतर जिल्ह्यांप्रमाणे बीड जिल्ह्यातही शाळांत, घरांत, चहाच्या टपऱ्यांवर मोबाइलभोवती माणसे गोळा झाली होती.

उतरण्याच्या त्या शेवटच्या एकोणीस-वीस मिनिटांत पडद्यावर नेमके काय दिसत होते? चंद्राचे चालते चित्र दिसत नव्हते. अवतरक आपली उंची, वेग, कल यांचे आकडे रेडिओलहरींवरून सतत पाठवत होता. तीस किलोमीटर उंचीवर त्याचा आडवा वेग सेकंदाला सुमारे १.६८ किलोमीटर होता. तो कमी होत होत शून्यावर आला. या आकड्यांवरून बंगळूरच्या नियंत्रण केंद्रातल्या संगणकाने एक रेखाटन हलते ठेवले होते आणि आपण ते पाहात होतो. कॅमेऱ्याने टिपलेली छायाचित्रे त्यानंतर आली. टाळ्या पडल्या त्या खरे तर आकड्यांना.

म्हणून अंतराळमोहिमेचे प्रक्षेपण पाहताना विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा. अंतराळातून आलेला संदेश सर्वांत आधी कुणाच्या अँटेनाने पकडला, आणि तिथून आपल्यापर्यंत येताना तो किती हातांतून गेला? बीडमध्ये उभे राहून हाच प्रश्न मागच्या पन्नास-पंचावन्न वर्षांना विचारला, तर दूरचित्रवाणीचा एक वेगळाच इतिहास हाती लागतो.

१९६९ : कानांनी पाहिलेला चंद्र

अपोलो-११ चे यान चंद्रावर उतरले तेव्हा आपल्याकडे २१ जुलै १९६९ ची पहाट व्हायची होती. रात्रीचे पावणेदोन वाजले होते. आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवले ते आपल्या सकाळी आठ वाजून सव्वीस मिनिटांनी. त्याच्या कॅमेऱ्याचे चित्र सेकंदाला फक्त दहा चौकटींचे आणि ३२० ओळींचे होते, कारण चंद्रावरून त्याहून अधिक माहिती पाठवण्याएवढी जागा त्या रेडिओ दुव्यावर नव्हती. कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या आणि ऑस्ट्रेलियातल्या हनीसकल क्रीक व पार्क्स इथल्या मोठ्या थाळ्यांनी ते पकडले. तिथे ते नेहमीच्या दूरचित्रवाणीच्या मापात बदलून पुढे जगभर पाठवण्यात आले.

भारतात ते थेट उतरवून घेण्याची सोय नव्हती. दूरचित्रवाणी होती ती फक्त दिल्लीत. मुंबई केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्यामुळे मराठवाड्यातल्या माणसाने चंद्रावरचे पहिले पाऊल आकाशवाणीवर ऐकले आणि वर्तमानपत्रात वाचले. चित्र पाहिले ते छापील, तेही काही दिवसांनी.

ही उणीव भरून काढण्याचे पहिले मोठे पाऊल महाराष्ट्रातच पडले. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी इथे १९७१ साली उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. त्याच्या थाळीचा व्यास जवळजवळ तीस मीटर होता. हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहाशी ते जोडलेले होते. पुढे या केंद्राला विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले, आणि १९७२ साली त्याच्यावर टपाल तिकीटही निघाले. थाळी एवढी अवाढव्य का? उपग्रहावरचा प्रक्षेपक तेव्हा फार दुबळा होता. पाठवणारा हळू बोलत असेल तर ऐकणाऱ्याला कान मोठा ठेवावा लागतो. असा तीस मीटरचा कान देशाला एखाददुसरा परवडतो. गावोगावी उभा करता येत नाही.

उपग्रह एक, कामे दोन

हे गणित उलटे करता येईल का, उपग्रह जोरात बोलेल आणि गावातली थाळी लहान राहील असे काही जमेल का, हा साराभाईंचा ध्यास होता. अमेरिकेच्या ‘एटीएस-६’ या उपग्रहाने ते जमवले. त्याच्यावर ९.१४ मीटर व्यासाची छत्रीसारखी उलगडणारी अँटेना होती. ती आपली शक्ती इकडेतिकडे न सांडता एका भूभागावर एकवटत असे.

या उपग्रहाची कथा आपल्या विषयाच्या अगदी मधोमध येते. १९७५ च्या जुलैमध्ये अमेरिकेचे अपोलो आणि सोविएत संघाचे सोयुझ ही याने अंतराळात एकमेकांना जोडली गेली. पूर्व आफ्रिकेच्या वर, ३५ अंश पूर्व रेखांशावर थांबलेल्या एटीएस-६ ने अपोलोकडून येणारे आवाज आणि चित्रे झेलून स्पेनमधल्या भूकेंद्राकडे पाठवली. जमिनीवरच्या केंद्रांना यान थोडाच वेळ दिसते. इतक्या उंचीवरून ते प्रदक्षिणेचा निम्म्याहून अधिक काळ नजरेत राहिले. मोहीम संपली २४ जुलैला. आठवडाभराने, १ ऑगस्ट १९७५ रोजी, त्याच उपग्रहाने भारतातल्या खेड्यांसाठी शेतीचे, आरोग्याचे आणि शाळेचे कार्यक्रम पाठवायला सुरुवात केली. हाच ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह दूरचित्रवाणी शिक्षण प्रयोग. ३१ जुलै १९७६ पर्यंत तो वर्षभर चालला. त्याची सूत्रे सांभाळणाऱ्यांत एकनाथ चिटणीस आणि प्रमोद काळे हे मराठी शास्त्रज्ञ होते.

सहा राज्यांतली २४०० खेडी निवडली होती. संच बहुधा शाळेत किंवा पंचायतीच्या इमारतीत असे. छपरावर तीन मीटर व्यासाची थाळी, तीही खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीची! ८६० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण पस्तीस सेंटिमीटर असते. तिच्या मानाने जाळीची भोके अगदी बारीक, त्यामुळे लहरीला ती जाळी आणि सलग पत्रा सारखेच. सकाळी दीड तास शाळेसाठी आणि संध्याकाळी अडीच तास सर्वांसाठी कार्यक्रम होत. शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी आणखी एक गोष्ट म्हणजे, याच वर्षात दूरचित्रवाणी आणि इतर साधनांच्या जोडीने सुमारे पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण देण्यात आले.

बीडच्या शेतावर पडलेला संदेश

त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. शेजारच्या कर्नाटकातले गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर हे जिल्हे होते. गुलबर्गा, रायचूर आणि बीड हे तिन्ही जिल्हे १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. पाऊस तिन्हीकडे बेभरवशाचा आणि शाळांची अवस्थाही मिळतीजुळती. अंबाजोगाईहून गुलबर्गा सरळ रेषेत दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर. तिथल्या मुलांना १९७५ साली थेट उपग्रहावरून धडा मिळत होता आणि इथल्या मुलांना नव्हता.

लहरींना मात्र राज्याची सीमा कळत नाही. ज्या झोतात राजस्थान, बिहार आणि कर्नाटक येतात, त्यात बीड आल्याशिवाय कसे राहील? म्हणजे ते कार्यक्रम रोज चार तास बीडच्या ज्वारीवर, पाटोद्याच्या डोंगरावर आणि मांजरेच्या पात्रावर पडतच होते. पकडायला जाळी नव्हती, एवढेच.

आता याच्या शेजारी दुसरी घटना ठेवून पाहा. इंग्लंडमधल्या शेफील्ड इथे राहणारे स्टीफन बर्किल हे बीबीसीतले अभियंते आणि हौशी रेडिओवाले होते. एटीएस-६ चा झोत भारताकडे वळलेला होता. शेफील्ड त्याच्या बाहेर. तरी झोताच्या कडेने थोडी शक्ती सांडतेच. बर्किल यांनी घरच्या घरी थाळी आणि ग्राहक संच बनवला, तो आग्नेय दिशेला क्षितिजापासून जेमतेम वीस अंश वर रोखला, आणि १९७५ च्या अखेरीस त्यांच्या पडद्यावर भारतातल्या खेड्यांसाठीचे कार्यक्रम दिसू लागले. घरच्या थाळीवर उपग्रहाची दूरचित्रवाणी पाहण्याच्या छंदाचा आरंभ या प्रयोगापासून मानला जातो. कोलंबोला राहणारे आर्थर क्लार्क यांच्याही घरी इस्रोच्या अभियंत्यांनी असा संच बसवून दिला होता. भूस्थिर उपग्रहांनी जगभर प्रक्षेपण करता येईल हे क्लार्क यांनी १९४५ सालीच लिहून ठेवले होते.

संदेश तोच. शेफील्डमध्ये तो मोठ्या कष्टाने वेचून घेण्यात आला आणि बीडमध्ये भरपूर पडत असून तसाच गेला. फरक लहरींच्या जोरात नव्हता. काय पडते आहे हे ठाऊक असण्यात आणि ते पकडण्याची उमेद असण्यात होता.

डोक्यावरचा इन्सॅट

बीडला चित्र आणणारा उपग्रह स्वतःच एका गाजलेल्या अंतराळमोहिमेतून वर गेला. ३० ऑगस्ट १९८३ रोजी चॅलेंजर हे अमेरिकी अंतराळयान रात्रीच्या अंधारात उडाले. दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटातून ‘इन्सॅट-१ बी’ बाहेर सोडण्यात आला. त्याच्या आधीचा इन्सॅट-१ ए १९८२ मध्ये काही महिन्यांतच निकामी झाला होता, त्यामुळे सगळी भिस्त याच्यावर होती.

इन्सॅट-१ बी ची जागा होती ७४ अंश पूर्व रेखांशावर. बीड शहर पावणेशहात्तर अंशांवर आहे. म्हणजे हा उपग्रह बीडच्या जवळजवळ थेट दक्षिणेला, किंचित पश्चिमेकडे आणि क्षितिजापासून सुमारे ६८ अंश उंचीवर होता. गुलबर्ग्याच्या जाळीला एटीएस-६ साठी पश्चिमेकडे चाळीसएक अंशांवर वाकून पाहावे लागे. इन्सॅटसाठी मान जवळजवळ वरच करायची.

इन्सॅटच्या शालेय कार्यक्रमांत या वेळी महाराष्ट्र होता. पुण्याला ‘बालचित्रवाणी’ ही संस्था मराठी कार्यक्रम तयार करण्यासाठी उभी राहिली. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे महाविद्यालयीन कार्यक्रमही सुरू झाले. मात्र बहुतेक भागांत थेट ग्रहणाची वाट मागे पडली आणि मनोऱ्याची वाट पुढे आली. १९८४ मध्ये देशभर शंभर वॅटचे लघुशक्ती प्रक्षेपक इतक्या झपाट्याने बसले की काही महिने जवळपास दिवसाला एक असा वेग होता. हा प्रक्षेपक उपग्रहाकडून चित्र घेतो आणि पंधरा-वीस किलोमीटरच्या परिसरात पुन्हा फेकतो. पुढे बालाघाटाच्या उंचवट्यावर अंबाजोगाईला दूरदर्शनचे उच्चशक्ती प्रक्षेपण केंद्र झाले आणि जिल्ह्याचा मोठा भाग टप्प्यात आला. घराघरांवर ॲल्युमिनियमच्या दांड्यांचे ‘मासे’ उभे राहिले. ते आकाशाकडे पाहात नसत; मनोऱ्याकडे पाहात. उपग्रह पाहणारी थाळी होती ती केंद्राच्या कुंपणाच्या आत.

दोन प्रक्षेपणे

या काळातली दोन प्रक्षेपणे शिक्षकांनी मुलांना सांगावीत अशी आहेत.

३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोयुझ टी-११ मधून अंतराळात गेले. ते सॅल्यूट-७ या स्थानकावर असताना पंतप्रधान इंदिरा गांधी त्यांच्याशी बोलल्या आणि ते संभाषण दूरदर्शनवर दिसले. वरून भारत कसा दिसतो या प्रश्नाला शर्मांनी इक्बालांच्या सर्वपरिचित ओळीने दिलेले उत्तर आजही लोकांच्या ओठांवर आहे. जिथे प्रक्षेपक पोचला नव्हता तिथे तेही रेडिओवरच ऐकले गेले. सॅल्यूट-७ ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने फिरत होते. अशा यानाशी जमिनीवरच्या एका केंद्राचा संपर्क काही मिनिटेच टिकतो, म्हणून अशा संभाषणाची वेळ आधी आखून ठेवावी लागते. हा धडा त्या उत्तराइतकाच मोलाचा आहे.

दुसरे प्रक्षेपण दुःखद आहे. इन्सॅट-१ बी वर नेणारे तेच चॅलेंजर २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी आकाशात फुटले. सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्यांत क्रिस्टा मॅकॉलिफ या शाळाशिक्षिका होत्या. एक शिक्षिका अंतराळात जाणार म्हणून नासाने उपग्रहावरून अनेक शाळांत प्रक्षेपण पोचवले होते, आणि वर्गात बसलेल्या मुलांनी तो अपघात घडताना पाहिला. थेट प्रक्षेपणाचा शेवट आधी लिहिलेला नसतो. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ च्या अवतरकाशी संपर्क तुटला, तेव्हा आपल्या मुलांनीही तेच अनुभवले. अशा वेळी पडदा बंद न करता काय झाले असेल याची चर्चा वर्गात करणे, हे शिक्षकाचे काम आहे.

शिट्टीतून उमटणारे चित्र

मनोऱ्याच्या वाटेला समांतर अशी हौशी लोकांची एक पायवाट आधीपासून होती. १९५८ च्या सुमारास कॉपथॉर्न मॅकडोनल्ड या अमेरिकी विद्यार्थ्याने मंदगती दूरचित्रवाणीची पद्धत शोधली. नेहमीच्या दूरचित्रवाणीला पाच-सहा मेगाहर्ट्झ रुंदीचा मार्ग लागतो. माणसाच्या बोलण्याला तीन किलोहर्ट्झ पुरतात. पाटाचे पाणी ठिबकच्या नळीतून न्यायचे तर वेळ जास्त द्यावा लागेल. मॅकडोनल्डने तेच केले. १२० ओळींचे एकच स्थिर चित्र आठ सेकंदांत पाठवायचे, तेही आवाजाच्या रूपात. काळ्या ठिपक्याला १५०० हर्ट्झचा सूर, पांढऱ्याला २३०० हर्ट्झचा, आणि नवी ओळ सुरू झाली हे सांगायला १२०० हर्ट्झचा. असे चित्र ऐकू येते ते चढत्या-उतरत्या शिट्टीसारखे.

१९८३ मध्ये ओवेन गॅरियट या अंतराळवीराने कोलंबिया यानातून जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांशी संभाषण केले. १९८५ मध्ये टोनी इंग्लंड यांनी चॅलेंजरमधून मंदगती चित्रे पाठवली. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून गेली अनेक वर्षे, आधी जाहीर केलेल्या ठरावीक दिवशी, १४५.८०० मेगाहर्ट्झवर अशी चित्रे येतात. जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला यांनी याच स्थानकावरून हॅम रेडिओने भारतातल्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली.

स्थानक सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून जाते आणि बीडच्या आकाशात फार तर दहा मिनिटे राहते. एक चित्र पुरे व्हायला सुमारे दोन मिनिटे लागतात, मध्ये विश्रांती असते. म्हणजे एका फेरीत दोन-तीन चित्रे मिळतात. त्यासाठी तीस मीटरची थाळी लागत नाही. हातात मावणारा रेडिओ संच, मीटरभर लांबीची साधी अँटेना आणि शिट्टीचे चित्र करणारा मोबाइलमधला एखादा मोफत कार्यक्रम पुरतो. प्रक्षेपणही करू शकणारा संच बाळगायला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो, म्हणून परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांना संचासह शाळेत बोलवावे.

वर्गासाठी

पहिला प्रयोग बिनखर्चाचा आहे. दूरदर्शनचे बहुतेक सर्व जुने ॲनालॉग प्रक्षेपक २०२१ अखेर बंद झाले आणि छपरावरचे मासेही गेले. त्यांच्या जागी आलेल्या छोट्या थाळ्या पुन्हा थेट उपग्रहाकडे पाहतात. गावातल्या डीडी फ्री डिशच्या पाच थाळ्यांची दिशा होकायंत्राने मोजायला सांगा. सगळ्यांचे तोंड आग्नेयेकडे निघेल, कारण तो उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. त्याची उंची बीडहून सुमारे साठ अंश येते. थाळी मात्र त्याहून बरीच उभी दिसते. तिचा बाहू मध्यभागी न येता खालच्या कडेने का येतो, हे मुलांनाच शोधू द्या.

दुसरा प्रयोग स्थानकाच्या चित्राचा. दसऱ्या-दिवाळीनंतर बीडमधली हजारो कुटुंबे ऊसतोडीला सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे जातात, आणि अनेक मुले त्यांच्याबरोबर जातात. शाळेतल्या संचावर ठरलेल्या वेळी येणारा धडा त्यांना मिळत नाही. स्थानक मात्र एका वेळी दोन हजार किलोमीटरहून अधिक त्रिज्येच्या प्रदेशाला ऐकू येते. वडवणीच्या शाळेत जी शिट्टी वाजेल, तीच त्याच मिनिटाला कारखान्याच्या तळावरच्या कोपीबाहेरही वाजू शकते. हंगामी वसतिगृहातली मुले आणि तळावरची मुले यांनी एकाच फेरीची नोंद दोन ठिकाणी करून पाहावी. तारीख, सुरुवातीची व शेवटची वेळ, स्थानक कोणत्या दिशेने उगवले आणि कुठे मावळले, चित्राच्या किती ओळी स्वच्छ आल्या, एवढे वहीत लिहावे. अर्धवट, रेघारेघांचे चित्र आले तरी तेही चिकटवून ठेवावे. दोन ठिकाणच्या वह्या समोरासमोर ठेवल्या की कोणत्या ओळी कुठे तुटल्या आणि का, यावर एक पूर्ण तास घेता येईल.